लेकीच्या वाटची पाठ

दुबईच्या एका कॉलेजात ऑस्टिओपथी, म्हणजे हातांनी हाडा-स्नायूंवर उपचार करायला शिकणाऱ्या मुली एकमेकींच्या उघड्या पाठीवर हात ठेवून मणके ओळखायला शिकत. जैनबला शिकायचं तर होतंच, पण पाठ उघडी करणार नाही म्हणजे नाही.

"आपली पाठ द्यायची नाही, तर दुसरीच्या पाठीला हात लावायचा नाही," शुभ्रा मॅडमनी बजावलं. "नाहीतर तुझ्या बदली कुणाला तरी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी अल मनखूल भागातल्या घरून जैनबची अम्मी आली, नखशिखान्त अबायात. मुली कुजबुजल्या, "खलास! आता हिला घरी घेऊन जाणार."

अम्मीनं दाराची कडी लावली. "सगळ्या बायकाच ना गं इथं?" म्हणत पडद्याआड गेली, पाठ उघडी केली आणि टेबलावर पालथी झाली. "यल्ला, शिका पोरींनो! लेकीच्या वाटची पाठ मी देते. हात तेवढे गार नकोत."

वर्गात हशा पिकला. एकेक करून सगळ्या मुली मणके शिकल्या. शेवटी जैनबची पाळी आली. मानेपासून हळूहळू खाली उतरत तिची बोटं कमरेपाशी थबकली. तिथला स्नायू दगडासारखा लागला आणि अम्मीनं ओठ गच्च आवळले.

"अम्मी, हे कधीपासून दुखतंय?"

"तू झालीस तेव्हापासून."

"आणि डॉक्टरकडे गेली नाहीस?"

"पाठ उघडी करायला सांगतील, म्हणून नाही गेले."

"मग आज कशी केलीस?"

"आज तुझं शिक्षण अडलं होतं ना."