पाचवा टेक

"थांबवा ते," ठिणगी म्हणाली. रेकॉर्डिस्टने बटण दाबलं आणि टेप थांबली.

पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बावीस वर्षांपूर्वीचा तिचाच आवाज, बारीक आणि दूरचा, स्पीकरमधून बाहेर आला होता: "तिचा आवाज काढून टाकता येईल का हो? माझे बाबा ऐकतील."

ठिणगीचे कान तापले. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी लोक तिला याच नावाने ओळखत. हे नाव तळघरातल्या पंक बँडच्या दिवसांतलं. फाटकं जाकीट घालून, तीन कॉर्डच्या भांडवलावर, ती घसा फाटेस्तोवर ओरडायची की आपण कुणाच्या बापाला भीत नाही. मागे ड्रम बडवायची टिपरी. बँड फुटला, टिपरी तेवढी राहिली. मग दोघी एका छपराखाली राहू लागल्या आणि म्हाताऱ्या बायकांकडून कामाची गाणी गोळा करत हिंडू लागल्या. त्यातलंच एक धुणं धुतानाचं गाणं, एकीने विचारायचं आणि दुसरीने उत्तर द्यायचं असं, पहिल्या रेकॉर्डसाठी दोघींनी शेजारी उभं राहून गायलं. चार टेक झाले, आणि तेव्हाच ठिणगीने कच खाल्ली. कुणाच्या बापाला न भिणारी ती स्वतःच्या बापाला मात्र भ्यायली. पाचव्या टेकमध्ये कसा कोण जाणे, टिपरीचा आवाज अलगद सुटा निघाला. नशीब, म्हणून ठिणगीने सुस्कारा सोडला.

रेकॉर्ड बाहेर आली तेव्हा तीत विचारणारी होती, उत्तर देणारी नव्हती. लोकांना तेच भावलं. काय तो एकटेपणा, म्हणाले. ठिणगीचं नाव झालं.

टिपरीला तिने सांगितलं, कंपनीच्या साहेबांनी तुझा आवाज काढायला लावला, मी पुष्कळ भांडले. पुढे हेच तिने पाहुण्यांना सांगितलं, मुलाखतींत सांगितलं. वडील गेल्यानंतर मंचावर टिपरीचा हात धरून 'हिच्यावर माझं प्रेम आहे' म्हणायचं धैर्य आलं, तेव्हा तर फारच रंगवून सांगितलं. साहेब बिचारे त्या दिवशी स्टुडिओत फिरकलेही नव्हते. टिपरी दर वेळी मान डोलवत ऐकायची. ठिणगी एखादी गोष्ट विसरली तर आठवणही करून द्यायची, "अगं, टेबलावर मूठ आपटलीस, ते राहिलं की!"

आता तीच रेकॉर्ड जुन्या टेपवरून नव्याने निघणार होती, दोघींच्या आवाजात. "जुना अन्याय मी दूर करतेय," असं ठिणगीने गेल्याच आठवड्यात एका पत्रकाराला ऐकवलं होतं. चार वाजता टिपरी ऐकायला येणार होती. घड्याळात पावणेचार झाले होते.

"एवढं पुसून टाका," ठिणगी म्हणाली. "ती यायच्या आत."

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते. स्टुडिओ बदलला होता, काच बदलली होती, बाई तीच होती. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की समोरच्या माणसाकडे बघवेना.

रेकॉर्डिस्ट साधा माणूस. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्याचं लक्ष टेपवर.

"पुसतो की ताई. पण गंमत बघा. तुम्ही हे बोललात काचेच्या अलीकडून, आत्ता आपण बसलोय तशा खोलीतून. इथलं बोलणं टेपवर येत नसतं. मग आलं कसं?"

त्याने समोरचं एक बटण दाखवलं.

"आत गाणाऱ्याला काही सांगायचं असलं की हे बटण दाबायचं. आपलं बोलणं त्याच्या हेडफोनमध्ये जातं. त्या दिवशी ते दाबलेलंच राहिलं असणार. तुमचं बोलणं आतल्या हेडफोनमध्ये वाजलं आणि समोरच्या माइकने ते उचललं. आत कोणी होतं का?"

होतं. ठिणगी टेक ऐकायला बाहेर आली होती आणि टिपरी आतच थांबली होती, कानाला हेडफोन लावून. काचेतून तिने हातही हलवला होता. तिने खुर्ची ओढली आणि बसली. टेबलावर आपटलेली ती मूठ! ती तिने कधी आपटलीच नव्हती. ती तिला टिपरीने दिली होती.

जिन्यावर टकटक सुरू झाली. कठड्यावर बोटांनी ठेका धरत चढायचं, ही टिपरीची जुनी खोड. आज ती लवकर आली होती.

"पुसू?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

"नको. पुढे वाजवा."

टेप फिरू लागली. आधी त्या वेळच्या रेकॉर्डिस्टचा आवाज आला, तसाच बारीक: "नाही निघायचा हो. दोघी शेजारी उभ्या राहून गाताय, तिचा आवाज तुमच्याही माइकात शिरलाय." मग बराच वेळ नुसती खरखर. मग दार उघडल्याचा आवाज, आत येणारी ठिणगीची पावलं. आणि मग माइकच्या अगदी जवळून, स्वच्छ, तिशीतली टिपरी बोलली:

"आणखी एकदा घेऊ या गं. या वेळी मी तुझ्यापासून जरा लांब उभी राहते."