ओंजळभर हिरवं पाणी

नवऱ्याला काळीजच नाही, असं सरस्वतीबाई गावभर सांगत. तरणा मुलगा सुयोग जाऊन वर्ष झालं, तरी याच्या डोळ्यांत टिपूस नाही. उलट दर रविवारी मुलानं हौसेनं सजवलेली जुनी जीप काढून मुरबाडकडे भटकंती. आज त्या हट्टानं सोबत बसल्या. वैशाखरे गावाजवळ इंजिनाच्या गरमीचा काटा लाल रेघेवर चढला. म्हाताऱ्यानं बॉनेट उघडलं. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या बाटलीतून उतू गेलेलं हिरवं पाणी खाली बांधलेल्या बरणीत साठलं होतं, जेमतेम ओंजळभर. तो तेच परत ओतू लागला. “अवो, नवीन डबा आणलाय ना? त्यातलं ओता!” “नको गो. ह्ये सुयोगनं भरलेलं हाय. शेवटच्या रविवारी.” बाईंनी बरणी हिसकावली, झाकण घट्ट लावून पदराखाली धरली. आवाज चढवला. “पोरगा गेला, आता त्याची गाडीपण जाळाल? ओता नवीन!”