गुडघ्यांची उशी

हुहानाच्या धाकट्या जावेला, पारेला, सातवा महिना लागला, तेव्हा सुईणीनं बजावलं, “डाव्या कुशीवर झोपायचं आणि गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची.” हुहाना मनातून खूश झाली. त्यांच्या माओरी घरात डोकं पवित्र, म्हणून डोक्याच्या उशीला पाय लागलेला सासूबाईंना खपत नसे. आता बघू या धाकटीचे कसे लाड होतात ते! पण दुपारी पाहते तर पारे बाहेरच्या खोलीत गाढ झोपलेली आणि तिच्या गुडघ्यांमध्ये पिवळ्या फुलांची गुबगुबीत उशी.

हुहानाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. सासूबाई रताळी सोलत होत्या.

“मी नवी नवरी असताना चुकून उशीवर बसले, तर पाहुण्यांदेखत उठवलंत मला. आणि हिनं पायांत घेतली तरी चालते!”

“हळू बोल, उठेल ती. त्या उशीवर कधी कुणी डोकं टेकलेलं नाही. गुडघ्यांसाठीच शिवलीय मी.”

“माझ्या वेळी नाही सुचलं शिवायला?”

सासूबाईंचा हात थांबला. “तुझ्याच वेळी शिवली होती, बाई. तू दवाखान्यातून रिकाम्या हातांनी आलीस. मग कुठे दाखवणार? कपाटात ठेवून दिली.”

“म्हणजे माझी आहे ती,” हुहाना म्हणाली आणि बाहेर गेली. पारेच्या गुडघ्यांमधून उशी खाली घसरली होती. हुहानानं ती उचलून घट्ट पोटाशी धरली. मग खाली वाकून, पारेची झोप न मोडता, तिच्या गुडघ्यांमध्ये परत सरकवली.