चंद्रोदय सासवडला

फौजेच्या त्या चौकीवर धर्मगुरू एकच, नायब सुभेदार मुजावर. नमाज असो की आरती, सगळं त्यांच्याच गळ्यात. आज शिपाई खुटवड सकाळपासून उपाशी होता आणि तासाभरात त्याला बाहेर पहाऱ्यावर जायचं होतं.

“खाऊन घे लेका. त्या अवजड पोशाखात चक्कर आली तर उचलणार कोण तुला?”

“मौलवीसाहेब, संकष्टी आहे. चंद्र दिसल्याशिवाय उपास कसा सोडू?”

मुजावरांनी खिडकीबाहेर बघितलं. चहूकडे राखाडी धूळ आणि तिच्यावर यांच्याच बुटांचे ठसे. चंद्रावर उभं राहून चंद्र दाखवायचा कुठून? ईदेला त्यांचीही हीच पंचाईत होणार होती.

“घरी कोण धरतं संकष्टी?”

“आई.”

“मग तिलाच लाव फोन. आपल्याला नसेल दिसत, तिला तर दिसतो ना?”

सासवडला आई मोदकांचं ताट घेऊन अंगणातच उभी होती.

“ढग आलेत रे. थांब जरा.”

दोघंही थांबले. ढग सरावेत म्हणून मुजावर दुआ पुटपुटू लागले.

मग आईचा आवाज आला, “दिसलास रे बाबा! जेव आता.”