पहिली नोंद

वाचनालयाचं अ‍ॅप मी बनवत होते आणि ग्रंथपाल नाडगौडा काका रोज सकाळी फोन करायचे. "ताई, सभासदांच्या यादीत शोधलं तरी पाटणकरबाई सापडत नाहीत. नावाच्या शेवटी स्पेस राहिलीय का बघा." त्यांचं बहुधा बरोबर निघायचं, त्याचाच मला जास्त राग यायचा.

पुस्तक परत करायचा मेसेज जातो का, हे तपासायला त्यांनी स्वतःचा नंबर दिला होता. मी डेटाबेसमध्ये त्या नंबरावर पहिलीच नोंद केली, 'कटकटे काका'. चाचणीच्या नोंदी शेवटी पुसायच्याच असतात. मेसेजची सुरुवात नावानेच होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

उद्घाटनाच्या सकाळी मी त्या नोंदी पुसत होते. काका शेजारी येऊन बसले. "मेसेज रोज वेळेवर यायचा हं," म्हणत त्यांनी कौतुकाने मोबाइल माझ्यापुढे धरला.

'कटकटे काका, कृपया पुस्तक परत करा.' एकाखाली एक, तीन महिन्यांचे.

माझे कान तापले. "काका, तुम्ही एकदाही बोलला नाहीत?"

रोज फोन करणारे काका मोबाइल खिशात ठेवत म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्हाला कशाला फोन करायचा?"