कवाड उघड गो

"आये, कवाड उघड गो. मी हाय, मी!"

ऑडिशनच्या खोलीत शिवाचं वाक्य संपलं. दिग्दर्शक संदेशने चष्मा काढून पुसला. कितीतरी वर्षांनी बोटीवरून घरी परतलेला देवरुखकडचा खलाशी त्याला असाच हवा होता.

"आवाज अगदी बरोबर आहे रे," तो म्हणाला. "पण हा चेहरा घेऊन तू देवरुखच्या बाईचा मुलगा कसा वाटणार? लोक हसतील." मग म्हणाला, "वॉचमनचा एक सीन आहे. करशील?"

"करतो," शिवा म्हणाला. नाही म्हणण्याची त्याला सवयच नव्हती.

शिवा बोहरा नेपाळच्या डोंगरातून आईच्या पाठीवर बसून रत्नागिरीत आला, तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं. वडील आंब्याच्या बागेत राखणीला लागले. बागेतल्या खोपीत तो वाढला, मराठी शाळेत शिकला. शिमग्यात गावच्या नमनाच्या खेळात तो कृष्णाचा सवंगडी पेंद्या व्हायचा आणि माणसं पोट धरधरून हसायची. हसायची ती पेंद्याला. शिवाचा चेहरा वेगळा आहे, हे त्याला मुंबईत गेल्यावर कळलं.

मुंबईत काम मिळालं, नाही असं नाही. मालिकांमध्ये तो सोसायटीचा गुरखा झाला, मोमोवाला झाला. एका सिनेमात शत्रूचा सैनिक होऊन पहिल्याच गोळीला पडला. गुरख्याने 'शाबजी' म्हणायचं असतं, हे त्याला शिकवावं लागलं. त्याच्या वडिलांनी जन्मात कोणाला शाबजी म्हटलं नव्हतं. बागेच्या मालकांना ते दादा म्हणत.

वडील गेल्यावरही त्याची आई, त्याची आमा, बागेतच राहिली. मालकीणबाई यमुनाकाकींच्या टीव्हीसमोर बसून ती लेकाचं प्रत्येक काम बघायची. शिवाने पडद्यावर सलाम ठोकला, की काकी कौतुकाने विचारायच्या, "काय गो, कसा दिसतो पोर?" आमा पदर नीट करायची.

वॉचमनचा सीन अर्ध्या दिवसात संपला. पुढे पावसाळा सरला आणि संदेशचा पुन्हा फोन आला. खलाशाचं काम पुण्याच्या एका देखण्या मुलाने केलं होतं. सगळं छान जमलं होतं, फक्त त्याच्या तोंडात देवरुखकडची बोली बसत नव्हती.

"डबिंग तू कर," संदेश म्हणाला. "पूर्ण सिनेमाभर त्याचा आवाज तुझा."

शिवाने उद्या सांगतो म्हटलं आणि फोन ठेवला. चेहरा नको म्हणणारा माणूस आता आवाज मागत होता. नाही म्हणायचं, असं त्याने आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं. तेवढं सांगायला आमाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पन काम काय हाय?" तिने विचारलं.

"आयेला हाक मारायची हाय."

"मंग मार की."

डबिंगच्या खोलीत पडद्यावर तो देखणा मुलगा दार ठोठावत होता. त्याच्या ओठांकडे बघत शिवाने हाक मारली. चुकली. पुन्हा मारली. तीही चुकली. ओठांची लय पाठ झाली, तेव्हा त्याने पडद्याकडे बघणंच सोडलं. बागेतल्या खोपीचं दार आणि आतून येणारी आमाची पावलं, एवढंच त्याने समोर आणलं. हाक दिली. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट नुसता अंगठा दाखवून दुसरीकडे बघू लागला.

सिनेमा रत्नागिरीत लागला तेव्हा शिवा आमाला आणि काकींना घेऊन गेला. थिएटर भरलेलं होतं. वॉचमन आला, गेट उघडून गेला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटी खलाशी आईच्या दारात उभा राहिला आणि त्याने हाक मारली. पुढच्या रांगेतली बाई हुंदका देऊन रडली. काकींनी पदर डोळ्यांना लावला.

दिवे लागले. शिवाने मोठ्या आशेने शेजारी पाहिलं. आमा खुर्चीत मान टेकून, डोळे मिटून बसली होती. ती हाक ऐकवायला तर तिला आणलं होतं.

"आमा, झोपलीस?"

तिने मान हलवली. डोळे मिटलेलेच होते, आणि गाल ओले.

"डोळे उघडले का दुसराच पोर दिसतो," ती म्हणाली. मग चाचपडत तिने त्याचा हात धरला. "एवढी वर्सं तुला टीवीवर बघितला रे. दिसलास आज."