शपथेवर सांगते की

"हे खोटं आहे," माम्तोलो म्हणाली आणि तिने पेन काउंटरवर ठेवून दिलं.

पोलीस ठाण्यात शपथपत्रांवर शिक्के मारणाऱ्या हवालदार सोगोनीने कागद पुन्हा वाचला, या वेळी जरा मोठ्याने. मी सर्वस्वी माझी मुलगी झोलेका हिच्यावर अवलंबून आहे. माझ्या औषधपाण्याचा खर्च तीच करते. दुसरं कोणीही मला पोसत नाही.

"ओरडू नकोस, बाळा. माझा पाय गेलाय, कान नाही. मला पोसतो तो माझा लुवुयो. रुस्टेनबर्गच्या खाणीत असतो. तसं लिही."

मागे रांगेत कोणीतरी हसलं. झोलेकाने आईच्या व्हीलचेअरची मूठ घट्ट धरली.

करखात्याने तिचं विवरणपत्र तपासणीला काढलं होतं. आईच्या उपचारांवर झालेल्या खर्चापोटी तिने करात सूट मागितली होती. तिने बिलं पाठवली, पावत्या पाठवल्या. उत्तर आलं की बिलं आईच्या नावावर आहेत, आई तुमच्यावर अवलंबून असल्याचं शपथपत्र जोडा. आज शेवटचा दिवस होता. परताव्याचे पैसे आले तरच मोठा डॉक्टर आईचा उरलेला पाय बघणार होता. त्या पायाची बोटं काळी पडायला लागली होती.

"आई, सही कर ना. घरी गेल्यावर सगळं सांगते."

"देवाची शपथ घ्यायची आणि पोराचं नाव पुसायचं? हा पाय कोणी घेऊन दिला मला?" माम्तोलोने लांब झग्यावरूनच कृत्रिम पायावर थाप मारली. "प्रार्थनेला येणाऱ्या बायकांना विचार. अख्ख्या म्दान्त्साने वस्तीला माहीत आहे. भावाचा इतका हेवा बरा नाही गं."

सोगोनीने शिक्का बाजूला सारला. "ताई, त्यांना मान्य नसेल तर मी काही करू शकत नाही. रांग बघताय ना मागे?"

काही वर्षांपूर्वी एका महिन्यात लुवुयोचे पैसे आले नाहीत. पुढच्या महिन्यातही नाहीत. फोन बंद. झोलेकाला नवल वाटलं नव्हतं. बापही असाच गेला होता, जोहान्सबर्गला, दुसऱ्या बाईकडे. पण आई जेवेना. खिडकीशी बसून राही. शेवटी झोलेकाने आपल्या शाळेच्या पगारातले पैसे आईच्या हातात ठेवले आणि म्हणाली, लुवुयोने पाठवलेत. त्या संध्याकाळी आई दोन वेळा मागून जेवली. मग ते दर महिन्याचंच झालं, सोबत त्याचे निरोपही. खाणीत खाली फोन लागत नाही. नाताळला सुट्टी मिळाली नाही. तुझी आठवण काढतो.

"त्याने काही पाठवलेलं नाही, आई," झोलेका म्हणाली. "कितीतरी वर्षांत एक रँडसुद्धा नाही. पैसे माझे होते. निरोपही मीच बनवायचे."



माम्तोलो रडली नाही. तिने तो कागद स्वतःकडे ओढला.

"पैसे येतायत म्हणजे पोर श्वास घेतंय, असं म्हणायचे मी स्वतःला," ती हळू म्हणाली. "नाहीतर रांगत गेले असते तिथपर्यंत."

मग तिने पेन उचललं आणि सही केली. एकेक अक्षर कोरल्यासारखं. सोगोनीने शिक्का मारला. झोलेकाने कागद पिशवीत घातला, डोळे पुसले आणि खुर्ची दाराकडे वळवली.

माम्तोलोने काउंटरची कड पकडली.

"थांब. बाळा, आता दुसरा कागद घे. माझा मुलगा हरवलाय."

सोगोनीने झोलेकाकडे पाहिलं, मग निमूट कोरा अर्ज पुढे ओढला. नाव लिहिलं. वय लिहिलं. खाणीचं ठिकाण लिहिलं.

"कधीपासून हरवलाय, आई?" सोगोनीने विचारलं.

माम्तोलोने मान वळवली नाही.

"ते हिला विचार."